उताराच्या पायथ्याचा तिठा: मागणी सिग्नलची, काम मात्र वेगळेच

पार्श्वभूमी

दक्षिण कोकणातल्या एका बंदराच्या शहरातला हा तिठा, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, आहे. रस्ते, कार्यालये आणि माणसे यांची नावे वगळली आहेत आणि मापे थोडी गोळाबेरजेने दिली आहेत. महामार्गाकडून येणारा राज्यमार्ग सडा, म्हणजे कातळी पठार, उतरून बाजारपेठेत शिरतो, तिथेच डाव्या हाताला शाळेकडे आणि मच्छीमार्केटकडे जाणारा नगरपरिषदेचा रस्ता फुटतो. उतार साधारण ८ टक्के, म्हणजे १०० मीटरला ८ मीटर. उतरताना रस्ता हलकेच डावीकडे वळतो. वळणाच्या नेमक्या आतल्या अंगाला दीड मीटर उंचीचा चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आणि त्याच्या मागे आंब्याची कलमे आहेत.

भल्या सकाळी मासळीचे टेम्पो, शाळा भरताना आणि सुटताना पोरांची रांग, मधल्या वेळेत एसटी, रिक्षा आणि चिऱ्याचे डंपर, अशी इथली वहिवाट. मे आणि डिसेंबरात पर्यटकांच्या मोटारी वाढतात, गणपतीत चाकरमानी येतात. बाहेरून आलेल्या चालकाला उतार संपता संपता तिठा आहे हे ठाऊक नसते. गावातल्याला ते ठाऊक असते, पण रोजच्या सवयीने तो वेग कमी करत नाही.

राज्यमार्गाचा डांबरी पट्टा ९ मीटर रुंद. नगरपरिषदेचा रस्ता आत ६ मीटरचाच, पण तिठ्यावर त्याचे तोंड २४ मीटरपर्यंत पसरलेले. फार पूर्वी मोठ्या गाड्यांना वळायला सोपे जावे म्हणून कोपरा कापला आणि प्रत्येक डांबरीकरणात तो थोडा थोडा वाढत गेला. या प्रकरणातली निम्मी अडचण या कापलेल्या कोपऱ्याने निर्माण केली होती.

अडचण

एका शाळकरी मुलीला वळणाऱ्या मोटारीची धडक बसून तिचा पाय मोडला, तेव्हा पालकांनी नगरपरिषदेवर मोर्चा नेला. मागणी एकच होती, सिग्नल बसवा. त्याआधी अनेक वर्षे किरकोळ अपघात होत होते, पण कागदावर त्यांचा मागमूस नव्हता.

ब्लॅकस्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवायला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या वापरतात: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. हा तिठा त्या व्याख्येत बसत नव्हता. पोलिसांत नोंद होते तोच अपघात आयरॅड या अपघातांच्या सरकारी नोंद-प्रणालीत चढतो. दुचाकी घसरून गुडघा फुटला, दोघांनी आपसात मिटवले, की नोंद संपली. म्हणून पहिले काम ठरले ते न नोंदलेले अपघात शोधण्याचे.

त्यासाठी तीन ठिकाणी विचारपूस झाली: जवळच्या दवाखान्याचे मलमपट्टीचे रजिस्टर, तिठ्यावरचा गॅरेजवाला आणि पहाटे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगार. सगळ्यात उपयोगी माहिती सफाई कामगारांकडून मिळाली. इंडिकेटरच्या पिवळ्या आणि टेललाइटच्या लाल प्लास्टिकचे तुकडे कुठे सापडतात हे त्यांना नेमके माहीत होते. ते सगळे पसरलेल्या तोंडाच्या एकाच बाजूला, गडग्याच्या टोकाशी गटारात साचत. तिठ्याच्या समोरच्या अंगाला एकही तुकडा मिळाला नाही. म्हणजे धडका उतरून डावीकडे वळणाऱ्या आणि शाळेकडून बाहेर पडणाऱ्या वाहनांच्या होत्या.

मग मोजणी झाली. स्पीडगन नव्हती. उतारावर बरोबर ५० मीटर अंतरावर दोन आडव्या खुणा मारल्या आणि समोरच्या गच्चीवरून मोबाइलवर चित्रण केले. ५० मीटर ३.६ सेकंदांत कापले तर वेग ताशी ५० किलोमीटर. पुढे दुसरे वाहन नसलेली, मोकळी धावणारी शंभरावर वाहने मोजली. रांगेत अडकलेले वाहन मोजले तर सरासरी खोटी खाली येते. ८५ टक्के वाहने ५० च्या आत होती, उरलेली त्याहून वेगात.

यानंतर किती लांबचे दिसते ते पाहिले. मोटारीच्या नाकापासून चालकाच्या डोळ्यापर्यंत साधारण अडीच मीटर अंतर असते आणि डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात. शाळेच्या रस्त्यावरून बाहेर पडणाऱ्याच्या जागी त्या उंचीवर बसून पाहिले, तर उतरणारे वाहन ३५ मीटरवर आल्यावरच दिसत होते.

आता हिशेब मांडा. ताशी ५० च्या वेगाला, चालकाला भान येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंतचे २.५ सेकंद धरले तर ३५ मीटर तेवढ्यातच जातात. पुढे सपाटीवर थांबायला आणखी २७ मीटर लागतात, ८ टक्के उतारावर ३४. एकूण ६९ मीटर. दिसते ३५ वर, थांबता येते ६९ मध्ये. एवढ्या तफावतीत चालक कितीही सावध असला तरी धडक टळणे नशिबावर राहते.

पायी चालणाऱ्यांचा हिशेब याहून वाईट होता. २४ मीटरचे तोंड ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर चालीने २० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ३० ने येणारी मोटारसुद्धा १६७ मीटर कापते. म्हणजे रस्ता पूर्ण मोकळा पाहून पाऊल टाकलेल्या मुलीच्या अंगावर, ती निम्म्या वाटेत असताना, तिने पाहिलेलीच नव्हती अशी गाडी येते. तिचा दोष त्यात काहीच नाही. "पोरे बघून चालत नाहीत" हे वाक्य बैठकीत अनेकदा आले. या आकड्यानंतर ते कोणी बोलले नाही.

समोर असलेले पर्याय

सिग्नल. लोकांची मागणी असल्याने तो आधी तपासला. सिग्नल बसवावा का, हे दिवसातल्या किमान आठ तासांच्या वाहनसंख्येवर ठरवण्याची पद्धत आहे. इथे गर्दी होती ती जेमतेम तीन तास. उरलेल्या वेळी मोकळ्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबायचे, म्हणजे लोक तो तोडायला शिकतात. शिवाय वळणामुळे दिवाच उशिरा दिसला असता, आणि भिजलेल्या उतारावर पिवळ्याच्या ३ सेकंदांत ब्रेक दाबणाऱ्याला मागच्याने ठोकले असते. पावसाळ्यात वीज जाणे हेही रोजचे. सिग्नल नाकारायचा निर्णय योग्य होता, पण तो लोकांना पटवायला सगळ्यात जास्त बैठका लागल्या.

गतिरोधक. प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार पाठीचा असतो. गावोगावी दिसतो तो हातभर रुंद, खडा उंचवटा मापात बसत नाही. तो रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल करतो आणि दुचाकी पाडतो. राज्यमार्गावर, तेही तीव्र उतारावर, गतिरोधक घालायला बांधकाम विभागाने नकार दिला. कारण सबळ होते: उतारावर पुढचे चाक उचलले गेले की दुचाकीचा तोल जातो.

गोल चौक. सपाट जागा आणि मधल्या बेटासाठी रुंदी हवी. इथे दोन्ही नव्हती.

होमगार्ड उभा करणे. शाळेच्या वेळेला चांगला उपाय, आणि तो लगेच सुरूही केला. पण माणूस रजेवर गेला की सुरक्षितता रजेवर जाते.

तिठ्याचा आकार बदलणे. कोपरा आत घेऊन तोंड अरुंद करायचे, गडगा खाली आणायचा, राज्यमार्गावर मार्गिका आवळायच्या. शेवटी हेच निवडले. कापलेल्या कोपऱ्याची त्रिज्या २० मीटर होती. एवढ्या सैल कोपऱ्यावर गाडी ताशी २५ ते ३० ने आरामात वळते. त्रिज्या ६ मीटर केली की वेग आपोआप १५ वर येतो, चालकाला कोणी सांगावे लागत नाही.

काय केले

पहिला अडथळा होता मालकीचा. राज्यमार्ग बांधकाम विभागाचा, फुटणारा रस्ता नगरपरिषदेचा, खांब वीज कंपनीचा, थांबा एसटीचा, गडगा खासगी. प्रत्येकाला वेगवेगळे पत्र गेले असते तर वर्ष गेले असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे एकाच पानाचा नकाशा ठेवला. त्यावर प्रत्येक कामापुढे खाते, मुदत आणि पैसे कुठल्या शीर्षाखाली, एवढे लिहिले. वेगमर्यादेचे फलकही तिथूनच मार्गी लागले. ते हौसेने लावता येत नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ आणि ११६ नुसार अधिकृत आदेश लागतो.

दुसरा निर्णय, पक्के काम करण्याआधी कच्चा प्रयोग करायचा. डिसेंबरात फक्कीने नवा कोपरा आखला आणि त्या रेषेवर वाळू भरलेली प्लास्टिकची पिंपे, त्यांना परावर्तक पट्ट्या लावून, दोन आठवडे ठेवली. कोणीतरी सुचवले होते की चिरेच मांडू, फुकट मिळतील. ते टाळले हे बरे झाले, रात्री चिऱ्यावर आदळलेली दुचाकी उचलावी लागते.

पहाटे एसटी आणि लांब टेम्पो प्रत्यक्ष वळवून पाहिले. ६ मीटरच्या कोपऱ्यावर एसटीचे मागचे चाक पिंपांवर चढले. म्हणून कडेची त्रिज्या ९ मीटर केली आणि आतल्या ६ मीटरपर्यंतच्या पट्ट्यात ५ सेंटिमीटर उंचीचा खडबडीत दगडी चढ ठेवला. एसटीचे चाक त्यावरून जाऊ शकते, मोटार आणि रिक्षा मात्र खडखडाट टाळायला बाहेरूनच, म्हणजे अरुंद वाटेने वळतात. हा बदल कागदावर सुचला नसता.

प्रयोगात आणखी एक गोष्ट उघडी पडली. पिंपांमागे मोकळी झालेली जागा दुसऱ्याच दिवशी टेम्पोंचा तळ झाली. उभा टेम्पो म्हणजे पुन्हा गडगाच. त्यामुळे पक्क्या कामात कडेने बोलार्ड, म्हणजे रोवलेले बुटके खांब, आले, दोहोंमध्ये १.२ मीटर अंतर ठेवून. व्हीलचेअर आणि हातगाडी जाते, टेम्पो जात नाही.

गडग्याचे प्रकरण नाजूक होते. मालक वृद्ध, आणि जागा एकदा दिली की रस्ता आत सरकतो हा त्यांचा आजवरचा अनुभव. दोनदा नोटीस गेली, दोनदा परत आली. तिसऱ्यांदा उपअभियंता स्वतः गेले. म्हणाले, "काका, जागा नको, उंची हवी. भूमी अभिलेखची मोजणी आधी करू, हद्द कायम असल्याचे लिहून देतो." काकांचे उत्तर होते, "गडगो कमी करा, पण हद्दीचो दगड हलता नये." मोजणी झाली, पंचनामा झाला, हद्दीचे दगड नव्याने बसवले आणि गडगा ६० सेंटिमीटरवर आणून वर जाळी लावली. जाळीवर वेल चढवायचा नाही हेही लेखी ठरले. कलमांच्या खालच्या फांद्या दोन मीटरपर्यंत छाटल्या, एकही झाड तोडले नाही.

थांबण्याची रेषा कोपऱ्यासोबत पुढे आली, तेव्हा नुसत्या तेवढ्याने दृष्टीचे अंतर ३५ वरून सुमारे ५० मीटर झाले. गडगा खाली आल्यावर ते ७० मीटर भरले, म्हणजे ५० च्या वेगालाही पुरेल इतके.

तोंडाची रुंदी २४ वरून ९ मीटर झाली. ओलांडायला आता साडेसात सेकंद पुरतात, आणि तेवढ्या वेळात ताशी ३० ची गाडी ६२ मीटर कापते. ती आता आधीच दिसत असते. त्या तोंडावर १० सेंटिमीटर उंचीचा सपाट ओटा करून त्यावर झेब्रा आखला. पट्टे अर्धा मीटर, मधली जागा अर्धा मीटर. पदपथाच्याच पातळीत मुले पलीकडे जातात आणि वळणाऱ्या गाडीला चढून जावे लागते.

राज्यमार्गावर ९ मीटरमधून ३.२५ मीटरच्या दोन मार्गिका, मध्ये १.२ मीटरचा थांबायचा दुभाजक आणि दोन्ही कडांना उरलेली ६५ सेंटिमीटरची पट्टी अशी वाटणी केली. दुभाजकाच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग पोस्ट (धडकेने वाकून परत उभे राहणारे खांब) आणि कॅट आय (रस्त्यात बसवलेले, दिव्यात चमकणारे परावर्तक). उताराच्या वरच्या टोकाला, वस्तीपासून दूर, रम्बलरच्या, म्हणजे खडखडाट करून चालकाला सावध करणाऱ्या, पट्ट्या. त्या घरांजवळ घातल्या तर रात्रभर आवाज होतो आणि महिन्याभरात कोणीतरी उखडून टाकतो. दिव्याचा खांब झेब्राच्या अलीकडे, येणाऱ्या वाहनाच्या बाजूला हलवला. खांब पलीकडे असला की माणसाची नुसती काळी सावली दिसते, चेहरा आणि कपडे उजळत नाहीत.

रिक्षा स्टँड तिठ्यावरून ४० मीटर पुढे नेला. रिक्षावाल्यांचा विरोध पत्र्याची शेड आणि पाण्याचा नळ मिळाल्यावर मावळला. एसटीचा थांबा झेब्राच्या पलीकडे सरकवला, कारण थांबलेल्या बसच्या पुढून रस्ता ओलांडणारे मूल मागून येणाऱ्याला दिसतच नाही.

परिणाम

मेअखेर काम संपले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दोन चुका एकदम दिसल्या.

सड्यावरून वाहणारे लाल पाणी आधी कापलेल्या कोपऱ्यावरून पसरत गटारात जायचे. नव्या कोपऱ्याने ती वाट अडवली आणि पाणी ओट्याच्या वरच्या कडेला तुंबले. चिखलाचा थर बसला, त्यावर झेब्रा दिसेना. जुलैत पावसाच्या उघडिपीत ओट्याच्या आधी ३० सेंटिमीटर रुंदीचे जाळीचे आडवे गटार घातले. जाळीच्या सळ्या चाकाच्या दिशेला आडव्या ठेवल्या, नाहीतर सायकलचे चाक फटीत अडकते.

दुसरी चूक झेब्राची. थर्मोप्लास्टिकचा (तापवून रस्त्यावर लावतात त्या रंगाचा) थर २.५ मिलिमीटर, वर काचेचे मणी, सगळे नियमाप्रमाणे होते. पण मण्यांमुळे रात्री चमक येते, पकड येत नाही. त्यात मासळीच्या टेम्पोतून गळणारे पाणी. एक स्कूटर वळताना पट्ट्यावर घसरली, चालक महिलेच्या मनगटाला दुखापत झाली. दिवाळीनंतर पट्टे खरवडून, खरखरीत खडीची कच मिसळलेले नवे आखले. मच्छीमार्केटने टेम्पोंना गळतीचे पाणी साठवणारी टाकी सक्तीची केली. तिचे पालन अर्धवटच होते.

पावसाळ्यानंतर त्याच गच्चीवरून, त्याच खुणांवर पुन्हा मोजणी झाली. ८५ टक्के वाहने आता ३८ च्या आत होती. ३८ आणि ५० मधला फरक ऐकायला लहान वाटतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती सुमारे ४२ टक्क्यांनी घटली. सफाई कामगारांना गडग्याच्या टोकाशी प्लास्टिकचे तुकडे मिळणे जवळजवळ थांबले. त्या वर्षी तिथे कोणाला गंभीर दुखापत झाली नाही, पण एका वर्षावरून निष्कर्ष काढता येत नाही, निदान तीन वर्षे नोंद ठेवावी लागते.

एक बाजू मात्र सुटली नाही. गणपतीच्या आठवड्यात गडग्यावरच्या जाळीला शुभेच्छांचे फलक लागले, आणि १५ दिवस तिठा पूर्वीसारखाच आंधळा झाला.

वेगळे काय करता आले असते

पहिले, कच्च्या प्रयोगाला पाण्याची जोड द्यायला हवी होती. डिसेंबरात वाहने दिसतात, पाणी दिसत नाही. एप्रिलमध्ये उताराच्या माथ्यावरून दोन टँकर सोडले असते तर कोपऱ्याशी पाणी कुठे अडते ते अर्ध्या तासात कळले असते आणि गटार पहिल्याच कामात झाले असते. कोकणात कोणत्याही चौकाचा आकार बदलताना नकाशावर वाहनांच्या बाणांआधी पाण्याचे बाण काढावेत.

दुसरे, गडग्याच्या मालकाकडे नोटिशीऐवजी आधी माणूस जायला हवा होता. तीन महिने तिथे वाया गेले. मोजणीचा खर्च खात्याने उचलायचा हे सुरुवातीलाच सांगितले असते तर पहिल्या भेटीत काम झाले असते.

तिसरे, सिग्नल का नको हे लोकांना शेवटी सांगितले, ते आधी दाखवायला हवे होते. फक्कीची रेषा आणि पिंपे आधी मांडली, पालकांना स्वतः ओलांडून सेकंद मोजू दिले, आणि मग बैठक घेतली असती तर निम्मे वाद झालेच नसते. घड्याळ हातात धरून २० सेकंदांचे साडेसात झालेले पाहणारी आई अभियंत्यापेक्षा जास्त चांगले पटवून देते.

चौथे, पट्ट्यांच्या निविदेत पकडीची अट लिहायला हवी होती. जाडी आणि मणी यांची मापे होती, ओल्यावर घसरू नये ही अट कुठेच नव्हती, म्हणून कंत्राटदाराकडून दुरुस्ती फुकट मागता आली नाही.

फलकांच्या बाबतीत आता नगरपरिषदेने ठराव केला आहे: तिठ्यापासून ५० मीटरच्या आत परवानगी नाही, आणि लागलेला फलक त्याच दिवशी उतरवण्याचा अधिकार आरोग्य विभागाच्या मुकादमाला. पुढच्या गणपतीपूर्वी जाळीच्या दोन्ही टोकांना त्या ठरावाची पाटी लावायची आहे, आणि पावसाआधी ओट्याजवळच्या गटारातला गाळ काढायचा आहे. दोन्ही कामांपुढे खाते आणि तारीख लिहिली आहे.